मे महिन्यात प्रॉपेलर ढिला पडतो का? (भुसावळ, स्टँडवरची टेस्ट)

दीपनगर_४५
राम राम मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून लिहितोय. आम्ही सहा जण फायनल इयरला एक लहान इलेक्ट्रिक विमान करतोय, रिमोटवालं, उडताना वजन साडेचार किलोच्या आसपास. सहा सेलची लिपो बॅटरी आणि १५×८ चा प्रॉपेलर, म्हणजे व्यास १५ इंच, पिच (एका फेरीत कागदोपत्री पुढे जायचं अंतर) ८ इंच. जानेवारीत सकाळी मैदानावर जोर मोजायचा स्टँड ठोकून टेस्ट घेतली तेव्हा फुल थ्रॉटलला २ किलो ९५० ग्रॅम जोर आला होता, आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेऱ्या, साडेसहा हजाराच्या जरा आत. आता मे महिन्यात बाहेर उभं राहवत नाही म्हणून स्टँड पत्र्याच्या शेडमध्ये हलवला, मोटर तीच, प्रॉपेलर तोच, बॅटरी फुल चार्ज, आणि जोर येतोय २ किलो ४८०. आरपीएम मोजायचा टॅकोमीटर तर सरळ ३००० दाखवतो, एक आकडा इकडचा तिकडे होत नाही. वर्कशॉपचे सर म्हणाले मोटर गेली, नवीन घ्या. नवीन मोटर म्हणजे आमच्या सहा जणांचा दोन महिन्यांचा मेसचा खर्च. खरंच मोटर जाते का अशी? की प्रॉपेलरच दुसरा डिझाइन करायचा?

खान्देशी_ठेचा
भो, भुसावळात मे महिन्यात माणूस ढिला पडतो, प्रॉपेलरचं काय घेऊन बसला. आमच्याकडे पंखा पाचवर असतो आणि वारा तंदूरचा येतो.

केळीवाला_रावेर
मोटर गेली नसेल भाऊ. माझ्याकडे फवारणीचा ड्रोन आहे १० लिटरचा, थंडीत एका बॅटरीत जेवढं क्षेत्र होतं तेवढं आता दुपारी होत नाही. मी पण आधी बॅटरीला शिव्या घातल्या, नवीन संच आणला, तरी तेच. सकाळी सहाला उडवला की परत बरा चालतो. ऊन लागतं त्याला, दुसरं काय.

विमानवेडी
मूळची जळगावची, सध्या बेंगळुरूला याच कामात आहे. दीपनगर, तुझ्याच आकड्यांकडे नीट बघ. एकाच प्रॉपेलरचा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आरपीएम खरोखर साडेसहा हजारावरून तीन हजारावर आले असते तर जोर जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर आला असता, सहाशे सव्वासहाशे ग्रॅम. तुला अडीच किलो मिळतोय. म्हणजे वजनकाटा आणि टॅकोमीटर यातला एक जण खोटं बोलतोय.

शेडमध्ये ट्यूबलाइट आहे का, जुनी चोकवाली?

दीपनगर_४५
आहे ताई. दोन आहेत. का?

विमानवेडी
आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला दिसत नाही, टॅकोमीटरला दिसतं. तो बिचारा प्रकाशाची उघडझाप मोजतो, दोन पात्यांवर सेट असला तर १०० भागिले २, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, मिनिटाला ३०००. तू प्रॉपेलर नाही, महावितरण मोजतोयस. मोटर बंद करून ट्यूबकडे टॅकोमीटर धर, तरी ३००० येईल.

खान्देशी_ठेचा
=)) =)) महावितरणचे आरपीएम! आमच्या गावाला धरला तर शून्य येईल, लोडशेडिंग आहे.

दीपनगर_४५
धरला. ३०००. सगळे शेडमध्ये लोळून हसले, सर सोडून.

पण ताई, जोर कमी आहे तो आहेच ना. ४७० ग्रॅम कुठे गेले?

विमानवेडी
त्यातले काही हवेने खाल्ले. जोराच्या सूत्रात हवेची घनता सरळ गुणाकारात येते: घनता × सेकंदाच्या फेऱ्यांचा वर्ग × व्यासाचा चौथा घात, आणि त्या प्रॉपेलरचा स्वतःचा एक गुणांक. जानेवारीत सकाळी आपल्याकडे १२ अंश असतील तर एका घनमीटरमध्ये साधारण १.२१ किलो हवा असते. मे महिन्यात ४५ अंशाला ती १.०८ च्या आसपास येते. सरळ ११ टक्के हवा कमी. आरपीएम तेच राहिले तर जोरही ११ टक्के कमी. पण पातळ हवेत प्रॉपेलरला फिरायला सोपं जातं, मोटर जरा जास्त पळते, त्यामुळे फुल थ्रॉटलला तूट आठ-नऊ टक्क्यांवर थांबायला हवी. तुझी तूट सोळा टक्के आहे. उरलेलं दुसरं कुणीतरी खातंय.

केळीवाले दादा, तुमचा ड्रोनही याच कारणाने दमतो. तेवढंच वजन पातळ हवेत तोलून धरायला आरपीएम सहाएक टक्के वाढवावे लागतात आणि वीजही तेवढीच जास्त जाते.

थ्रीडी_पप्या
एवढं काय डोकं लावता, स्वतःचा प्रॉपेलर डिझाइन करा आणि प्रिंट मारा. एक्सरोटर, जावाप्रॉप ही सॉफ्टवेअरं, फुकट आहे सगळं. वेग, आरपीएम, व्यास टाकला की मुळापासून टोकापर्यंत कुठे किती रुंदी आणि किती पीळ ते काढून देतं. मी पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरचं प्लास्टिक) काढलेला ९ इंची, मस्त चाललेला.

केळीवाला_रावेर
चाललेला म्हणजे? आता कुठे आहे?

थ्रीडी_पप्या
एक पातं माझ्याकडे आहे. दुसरं काकांच्या गोठ्याच्या पत्र्यातून पलीकडे गेलं.

विमानवेडी
पप्या, हसण्यावारी नेऊ नकोस. हिशोब करून बघ: पातं १० ग्रॅमचं, त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर, आरपीएम १०,०००. मुळाशी ओढ येते जवळपास ६७ किलोची. तुझ्या प्रिंटचे थर पात्याला आडवे असतील तर ती ओढ थरांच्या चिकटण्यावर येते, आणि ती जागा सगळ्यात कच्ची. त्यात पीएलए साठ अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभी केलेली गाडी आतून तिथपर्यंत सहज जाते. डिकीत ठेवलेला प्रॉपेलर स्वतःचा पीळ स्वतःच बदलून बसेल. प्रिंट साचा करायला वापर, किंवा मंद आरपीएमवर आकार तपासायला. आणि कुठलाही प्रॉपेलर फिरत असताना त्याच्या चकतीच्या रेषेत उभं राहायचं नाही, पुढे किंवा मागे लांब राहायचं. काका कुठे होते तेव्हा?

थ्रीडी_पप्या
दूध काढत होते. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

सुतारनाना
राम राम मंडई. आठे अमळनेरले बी तेच शे, पोऱ्हे सगळं मशीनवरच काढतस. मी सांगस, लाकूडले इसरू नका.

(अहिराणीत लिहायला बोटं अडखळतात, आता सरळ लिहितो.) मी तीन प्रॉपेलर केलेत, पॅराग्लायडरच्या पाठीवरच्या इंजिनाचे, पोराच्या मित्रांसाठी. अखंड फळी घ्यायची नाही. पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, एकीची रेषा डावीकडे वळत असेल तर वरच्या पट्टीची उजवीकडे, म्हणजे पावसाळ्यात पिळत नाही. गाठ असलेली पट्टी बाजूला. सागवान दिसायला छान, पण त्याच्यात तेल असतं, गोंद धरत नाही, चिकटवायच्या आधी थिनरने पुसून घ्यावं लागतं. आमचा पहिला त्याच्यामुळेच सुटला, जमिनीवर होता म्हणून निभावलं. मग रंधा, पटाशी, शेवटी कानस आणि पॉलिश पेपर, आणि दर चार इंचांवर पुठ्ठ्याचा फर्मा लावून बघायचं की उतार बरोबर आहे का. सगळं झाल्यावर मधल्या भोकात सळई घालून आडवा सोडायचा. जे पातं खाली जाईल त्याची पाठ घासायची. एवढं सोपं आहे आणि एवढंच अवघड आहे.

विमानवेडी
नाना, नमस्कार. राइट बंधूंनी १९०३ च्या विमानाचे साडेआठ फुटी प्रॉपेलर असेच केले होते, स्प्रूसच्या पट्ट्या चिकटवून आणि हाताने तासून. आधी त्यांना वाटलं जहाजाच्या पंख्याचं गणित उचलता येईल, बघतात तर जहाजवाल्यांकडे गणितच नाही, सगळा अंदाज. मग त्यांनी ठरवलं की प्रॉपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच, आणि स्वतःच्या वाऱ्याच्या बोगद्यातले पंखांचे आकडे त्याला लावले. पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता मिळवली, कॉम्प्युटर नसताना.

पवनचक्की_साक्री
मी ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवर मेंटेनन्सला होतो आठ वर्षं. आमचं पातं म्हणजे तुमचंच उलटं. प्रॉपेलर वीज खाऊन वारा देतो, आमचा वारा खाऊन वीज देतो, म्हणून पात्याचा फुगीर भागही उलट्या बाजूला. तुमच्यात १९१९ साली कमीत कमी नुकसानीचा प्रॉपेलर कसा असावा हे ज्या बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं, त्याचीच आमच्यात ५९.३ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे वाऱ्यातल्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त तेवढीच काढता येते.

पण मुद्द्याचं: शेडमध्ये स्टँडच्या मागे भिंत किती लांब आहे? भिंत जवळ असेल तर जोर वाढायला पाहिजे, हेलिकॉप्टर जमिनीजवळ हलकं होतं तसं. ह्यांचा कमी झालाय. म्हणून मला अजून मोटरचाच संशय आहे. तापली की तांब्याचा रोध वाढतो, दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या जरा खाली. ३३ अंशांचा फरक म्हणजे १३ टक्के रोध जास्त.

विमानवेडी
रोध वाढतो हे खरं, पण १३ टक्के वाढ मोटरच्या रोधात आहे, जोरात नाही. एकूण व्होल्टेजपैकी त्या रोधात वाया जातो तो लहान हिस्सा, त्याचे १३ टक्के. शिवाय उन्हात लिपोचा आतला रोध उलट कमी होतो, जानेवारीच्या थंडीत बॅटरीच जास्त बसते.

भिंतीचं तुमचं बरोबर आहे, पण ते प्रॉपेलरच्या व्यासाएवढ्या अंतरात. बंद शेडमध्ये दुसरीच गंमत होते. मागे फेकलेली हवा भिंतीवर आपटते, बाजूने वळते आणि पुढून परत प्रॉपेलरमध्ये येते. प्रॉपेलरला वाटतं आपण उडतोय, आणि समोरून वारा आला की जोर कमी होतो. दीपनगर, समोर दीड-दोन मीटरवर एक दोरा टांगून बघ.

शंकासुर
मला एक सांगा, इलेक्ट्रिक विमानाला प्रॉपेलर वेगळा कशाला लागतो? हवेला काय माहीत मागे पेट्रोल आहे की बॅटरी?

खान्देशी_ठेचा
आयडी सार्थ केलास बाबा.

विमानवेडी
प्रश्न चांगला आहे उलट. हवेला माहीत नसतं, पण प्रॉपेलरला असतं.

पेट्रोल इंजिन धक्क्याधक्क्याने फिरवतं, प्रत्येक स्फोटाला एक हिसका. ते हिसके सोसायला मूळ जाड ठेवावं लागतं. मोटर तेलासारखी गुळगुळीत फिरवते, म्हणून पातं बारीक, हलकं ठेवता येतं. दुसरं म्हणजे इंजिनाला ताकद यायला आरपीएम चढवावे लागतात, मोटर शून्यापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, देते. म्हणून मोठा आणि मंद प्रॉपेलर गिअरशिवाय सरळ मोटरला लावता येतो. तिसरं आपल्या खान्देशासाठी: पातळ हवेत पेट्रोल इंजिनाला श्वासही कमी मिळतो, त्याची स्वतःची ताकद घटते आणि वर प्रॉपेलरचा जोर घटतो, दुहेरी मार. मोटर श्वास घेत नाही, तिच्यावर एकेरीच मार. अर्थात तिला आणि बॅटरीला थंड ठेवणं हा वेगळा ताप.

आणि आवाज. इंजिन गप्प झालं की फक्त प्रॉपेलर ऐकू येतो, आणि तो मुख्यतः टोकाच्या वेगाने ओरडतो. २०२० च्या जूनमध्ये युरोपात पहिल्यांदा एका इलेक्ट्रिक विमानाला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला सरकारी मंजुरी) मिळालं, पिपिस्ट्रेल वेलिस इलेक्ट्रो, दोन माणसांचं, मोटर ५७.६ किलोवॉटची. त्याला तीन पात्यांचा, पिच न बदलणारा साधा प्रॉपेलर आहे. त्याच कंपनीने आधीच्या मॉडेलवर उतरताना प्रॉपेलर पवनचक्कीसारखा फिरवून बॅटरी भरायचीही सोय केली होती.

पवनचक्की_साक्री
त्यातून फार काही मिळत नसणार. फुगीर बाजू उलटी पडते ना. चमच्याच्या पाठीने वरण वाढल्यासारखं.

विमानवेडी
खरंय, आणि त्यासाठी पातं तडजोडीचं केलं की चढताना नुकसान होतं. नासाच्या एक्स-५७ या प्रायोगिक इलेक्ट्रिक विमानावर तर पंखाच्या पुढच्या कडेला बारा छोटे प्रॉपेलर ठरले होते, उड्डाण-लँडिंगपुरते फिरणारे आणि एरवी घडी होऊन नॅसेलला, म्हणजे मोटरच्या आवरणाला, चिकटणारे. २०२३ मध्ये प्रकल्प न उडताच बंद झाला, पण त्या घडीच्या प्रॉपेलरचं काम वाचण्यासारखं आहे.

केळीवाला_रावेर
घडीवरून आठवलं, माझ्या ड्रोनचे पण घडीचेच आहेत. ताई, मला सांगा, २२ इंचीच्या जागी ३० इंची असला तर काय फरक पडेल? केळीचं पान फाटतं हो खालच्या वाऱ्याने, फाटलेल्या पानाची बाग बघवत नाही. आमचे आबा म्हणतात त्यापेक्षा पाठीवरचा पंप बरा होता.

विमानवेडी
दादा, सहा प्रॉपेलर आणि २४ किलो वजन धरू, म्हणजे प्रत्येकावर ४ किलो. ४५ अंशाच्या हवेत आदर्श हिशोबाने २२ इंचीला साधारण ३३७ वॉट लागतात, ३० इंचीला २४७. खऱ्या प्रॉपेलरला दोन्हीकडे यापेक्षा बरेच जास्त लागतील, पण गुणोत्तर तसंच राहतं: व्यास जितक्या पट वाढला तितक्या पट वीज कमी. खाली जाणारा वारा २२ इंचीचा ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास, ३० इंचीचा ४५. मोठा प्रॉपेलर जास्त हवेला हळू ढकलतो, लहान थोड्या हवेला जोरात. तुमच्या केळीला हळू ढकलणाराच बरा.

पण तुमच्या ड्रोनवर स्वतःहून बदलू नका. मोटर त्या व्यासासाठी नसेल तर करंट चढून जळेल, पाती एकमेकांत अडकतील, आणि टाइप सर्टिफिकेट मिळालेल्या ड्रोनचा प्रॉपेलर परस्पर बदलायचा नसतो. पुढचा घेताना बघा.

केळीवाला_रावेर
आबांना ६२ चा आकडा सांगितला. म्हणाले म्हणजे दर आठवड्याला आपण पैसे देऊन वादळ बोलावतो.

भरीतप्रेमी
धागा छान चाललाय. अवांतर: बामणोदची वांगी आता कुठे मिळतील?

खान्देशी_ठेचा
मे महिन्यात भरीत खाणाऱ्याला खान्देशातून तडीपार करावं.

संपादक
भरीताचा वेगळा धागा आहे, तिकडे जावे. इथे प्रॉपेलरच फिरू द्या.

दीपनगर_४५
मंडळी, चार दिवस गायब होतो, आता सांगतो सगळं.

आधी ट्यूबलाइट बंद केली, दार उघडून उजेड घेतला. आरपीएम ६४८० आले. मग ताईंनी सांगितल्याप्रमाणे छताच्या अँगलला दोरा बांधला, प्रॉपेलरच्या समोर दोन मीटरवर. थ्रॉटल दिला, पहिली दोन-तीन सेकंद दोरा सरळ, मग हळूहळू प्रॉपेलरकडे झुकायला लागला आणि तसाच तिरपा राहिला. लोडसेलचा (स्टँडच्या वजनकाट्याचा) आकडा सुरुवातीला २ किलो ६८० होता आणि पंधरा-वीस सेकंदांत २ किलो ४८० वर आला. सर म्हणाले बॅटरी बसली. पण आरपीएम बघितले तर ६४८० वरून ६५१० झालेले, म्हणजे जोर कमी होतोय आणि आरपीएम वाढताहेत. बॅटरी बसली असती तर दोन्ही खाली आले असते. जानेवारीपासून आम्ही एकच शेवटचा आकडा वहीत लिहीत होतो, आधीचे सगळे फेकून देत होतो.

मग दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला स्टँड मैदानावर नेला, २९ अंश होते, २ किलो ७९०. त्याच जागी दुपारी अडीचला ४४ अंशात, डोक्याला ओला गमछा बांधून, २ किलो ७००. जानेवारीच्या मानाने साडेआठ टक्के कमी, ताई म्हणाल्या होत्या तसंच. बाकीचे दोनशेवीस ग्रॅम शेडने खाल्ले. मोटर ठणठणीत आहे.

पवनचक्की_साक्री
मोटरवरचा संशय मागे घेतो. दोऱ्याची आयडिया भारी.

सुतारनाना
सरांचं काय म्हणणं आता?

दीपनगर_४५
सर म्हणाले मी तुमची परीक्षा बघत होतो.

विमानवेडी
=)) शाब्बास रे. आता आनंदावर थोडं पाणी टाकते. २ किलो ७०० हा जागेवर उभ्या प्रॉपेलरचा आकडा आहे, विमान जागेवर उभं राहणार नाही. तुझं पिच ८ इंच, म्हणजे एका फेरीत २० सेंटिमीटर. सेकंदाला १०८ फेऱ्या, म्हणजे लोण्यात स्क्रू गेल्यासारखा विचार केला तर २२ मीटर प्रति सेकंद. तुमचं विमान किती वेगाने उडणार?

दीपनगर_४५
१६ च्या आसपास.

विमानवेडी
मग त्या वेगाला स्टँडवरच्या जोराचा अर्धा उरला तर नवल वाटून घेऊ नकोस. स्टँडवर जास्त जोर दाखवणारा कमी पिचचा प्रॉपेलर हवेत लवकर दमतो आणि स्टँडवर किरकोळ वाटणारा जास्त पिचचा हवेत ओढत राहतो. निव्वळ स्टँडच्या आकड्यावर प्रॉपेलर निवडला की उड्डाण होतं आणि पुढे विमान रडत उडतं. इलिनॉय विद्यापीठाचा बोगद्यात मोजलेल्या लहान प्रॉपेलरांचा डेटा फुकट आहे, त्यात समोरचा वारा वाढेल तसा जोर कसा उतरतो ते बघ. तुझ्याकडे बोगदा नाही, पण पिकअप असेल कुणाची तर टपावर उंच खांब लाव, गाडीच्या टपावरून वळणाऱ्या हवेच्या वर, वारा पडलेला असताना पहाटे, आणि एकदा जाताना एकदा येताना मोज म्हणजे उरलासुरला वारा कटेल. खासगी रस्ता बघ, हायवेवर नको.

थ्रीडी_पप्या
पिकअप काकांची आहे. पण काका.

केळीवाला_रावेर
माझी आहे ना, केळीच्या घडांची. बागेतला दीड किलोमीटरचा रस्ता सरळ आहे, आमचाच, कुणी येत नाही. रविवारी पहाटे पाचला या. पण त्या स्टँडवर माझी पण पाती लावून द्यायची, दोन पात्यांना पानांचे देठ लागून कडा खरवडल्यात, किती जोर गेला ते मला बघायचंय.

सुतारनाना
मी पण येस. खरवडलेल्या कडेला कानस कोणी लावू नका मी येईपर्यंत.

दीपनगर_४५
डन. आम्ही सहा जण, स्टँड, दोन बॅटऱ्या. दादा, नाश्त्याला काय?

केळीवाला_रावेर
आमरस आणि खापरावरची पोळी. आणि भरीतप्रेमींना सांगा, वांगी डिसेंबरात.